वाचक विचारतात: सुपरकपॅसिटरला सप्लाय कोणता लावायचा?

गेल्या अंकात सहा सुपरकपॅसिटर (बॅटरीसारखी वीज साठवणारे, पण पटकन भरणारे आणि रिकामे होणारे मोठे कपॅसिटर) सिरीजमध्ये जोडून बँक कशी बनवायची ते लिहिलं होतं, प्रत्येक सेल २.७ व्होल्ट ५०० फॅरडचा, आणि चार्जिंगचा विषय आला तिथे "योग्य तो सप्लाय वापरा" एवढं एक वाक्य टाकून मी मोकळा झालो. चूक माझीच. आख्ख्या लेखावर आले नसतील एवढे प्रश्न त्या एका वाक्यावर आलेत, त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यालाच. लेख वाचला नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: सहा सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकूण ८३.३ फॅरड (५०० भागिले सहा) आणि कागदावर १६.२ व्होल्ट (२.७ गुणिले सहा).

प्रश्न: सर, मी १५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) लावला. बँक जोडली की त्याचा एलईडी लुकलुकतो, आतून टिक टिक येतं आणि मल्टिमीटर ०.३ व्होल्टच्या वर सरकतच नाही. मित्राकडून दुसरा आणला तर तोही तसाच. दोन्ही खराब कसे असतील?

दोन्ही ठणठणीत आहेत, काळजी नको. रिकामा सुपरकपॅसिटर सप्लायला सरळ शॉर्टसारखा दिसतो. बॅटरी कितीही उतरली तरी तिच्यावर काहीतरी व्होल्टेज शिल्लक असतं, पण हा पठ्ठ्या खरोखर शून्यावर बसलेला असतो आणि त्याचा आतला रेझिस्टन्स काही मिलिओहम, म्हणजे सप्लायला वाटतं की कुणीतरी प्लस मायनसवर स्क्रू ड्रायव्हर टाकलाय. साध्या एसएमपीएसला अशा वेळी काय करायचं ते शिकवून ठेवलेलं असतं, बंद व्हायचं, थोडं थांबायचं, परत चालू होऊन बघायचं, अजून शॉर्ट आहे का, आहे, मग परत बंद. यालाच हिकप मोड म्हणतात, नाव अगदी बरोबर आहे, उचकीच ती. प्रत्येक उचकीत बँकेत चिमूटभर चार्ज जातो, त्यामुळे कधीकधी टिकटिक करत करत बँक चढतेही आणि लोकांना वाटतं जमलं, पण त्या वेळात सप्लायचे कपॅसिटर आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर काय सोसत असतात ते बाहेरून दिसत नाही.

सप्लाय घेताना सगळे आधी व्होल्ट बघतात, मग अँपिअर बघतात, आणि तिथेच थांबतात. सुपरकपॅसिटरसाठी त्याच्याही आधी बघायचं ते म्हणजे आउटपुट शॉर्ट केलं तर हा सप्लाय काय करतो. डेटाशीटमध्ये ओव्हरलोडची एक ओळ असते. तिथे हिकप लिहिलं असेल तर सोडा, फोल्डबॅक असेल तरी सोडा (त्यात व्होल्टेज पडलं की करंटही मुद्दाम कमी केला जातो, म्हणजे रिकाम्या बँकेला तो जवळजवळ काहीच देत नाही), आणि एकदा ट्रिप झाला की मेन्स बंद करून चालू करावा लागतो असं असेल तर विचारायलाच नको. आपल्याला हवंय कॉन्स्टंट करंट लिमिटिंग, म्हणजे शॉर्ट दिसला तरी बंद न पडता ठरलेला करंट देत राहणारा. पण तेही पूर्ण वाचा, कारण काहींमध्ये बारीक अक्षरात असतं की कॉन्स्टंट करंट फक्त रेटेड व्होल्टेजच्या ५० ते १०० टक्क्यांत, त्याच्या खाली हिकप. आपली बँक सुरू होते शून्यावरून, म्हणजे अर्ध्याच्या वर जाईपर्यंत तुम्ही पुन्हा टिकटिक ऐकत बसणार.

प्रश्न: मग नेमका घ्यायचा कुठला? किती अँपिअरचा? माझ्या मनात ३० अँपिअरचा आहे, फटकन चार्ज होईल म्हणून.

बेंच सप्लाय घ्या, व्होल्टेज आणि करंटचे वेगळे नॉब असलेला, ज्याच्या तोंडावर सीसी (कॉन्स्टंट करंट) आणि सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज) असे दोन दिवे असतात. सुरुवातीला सीसी, म्हणजे ठरवलेला करंट तो धरून ठेवतो आणि व्होल्टेज आपोआप हळूहळू वर चढतं, मग ठरवलेलं व्होल्टेज आलं की दिवा सीव्हीवर जातो आणि करंट स्वतःच उतरत जातो. तुम्हाला काही करावं लागत नाही, फक्त बघत बसायचं, आणि खरं सांगायचं तर ते बघायला मजा येते कारण बॅटरीसारखं ते कुठे अडखळत नाही, सरळ रेषेत चढतं.

अँपिअरचं गणित तोंडी होतं. कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज भागिले करंट, उत्तर सेकंदात. आपली बँक १५ व्होल्टपर्यंत न्यायची तर ८३.३ गुणिले १५ म्हणजे १२५० कुलोम्ब. २ अँपिअरने ६२५ सेकंद, साधारण साडेदहा मिनिटं. ५ अँपिअरने ४ मिनिटं १० सेकंद. १० अँपिअरने दोन मिनिटांच्या थोडं वर. आता मला सांगा, तुमचं असं कोणतं काम आहे जे चार मिनिटं थांबू शकत नाही? ३० अँपिअरला जाड वायर आली, चांगले लग आले, एखादा जोड सैल राहिला तर तो तापणार हे आलं, आणि बॅलन्सिंगला त्या करंटपुढे काही करताच येत नाही (त्याबद्दल खाली). ३ ते ५ अँपिअर पुष्कळ झाले. उलट कमी अँपिअरचा, पण शून्य व्होल्टवर शांतपणे उभा राहणारा सप्लाय मी कधीही पसंत करेन.

१६.२ नाही, १५ लावा. म्हणजे सेलला २.५. सर्वसाधारण हिशोब असा धरतात की व्होल्टेज ०.१ व्होल्टने कमी ठेवलं किंवा तापमान १० अंशांनी कमी ठेवलं की सेलचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. त्या बदल्यात ऊर्जा जाते ती १४ टक्के, १०,९३५ ज्यूलऐवजी ९,३७५. ही ९,३७५ ज्यूलही काही कमी नाही, दहा किलोचं वजन साधारण ९५ मीटर उंच नेण्याइतकी आहे, आणि वायर टेकली तर ती सगळी काही सेकंदांतच बाहेर येईल. (फॅरड हे एकक किती मोठं आहे बघायचं असेल तर आख्ख्या पृथ्वीची कपॅसिटन्स, एक गोळा म्हणून काढली तर, सुमारे ७१० मायक्रोफॅरड येते. तुमच्या टेबलावर ८३ फॅरड आहेत.)

लिनिअर टाइपचा बेंच सप्लाय असेल तर एक गोष्ट. बँक शून्यावर असताना आतलं सगळं व्होल्टेज त्याच्या ट्रान्झिस्टरवर पडतं, आत समजा २४ व्होल्ट असतील आणि तुम्ही ५ अँपिअर लावलेत तर १२० वॅट नुसती उष्णता. पंखा जोरात सुरू होईल, चार मिनिटांत व्होल्टेज वर गेलं की कमी होईल. आतून रिलेचा खट् खट् आवाज आला तर घाबरू नका, तो ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतोय. जुना असेल, पंखा नसेल, तर करंट निम्मा करा.

जोडायचा क्रमही सांगतो कारण दोन-तीन जणांनी ठिणगीबद्दल विचारलंय. करंट नॉब कमीवर आणि तरी क्लिप लावताच चट् आवाज, असं होतं ना? ती ठिणगी करंट लिमिटच्या बाहेरची असते, सप्लायच्या आउटपुटवर त्याचा स्वतःचा एक कपॅसिटर असतो, तो १५ व्होल्टला भरलेला असतो आणि तो तुमच्या बँकेत रिकामा होतो, करंट कंट्रोल त्याच्या मागे असतो त्यामुळे त्याला अडवू शकत नाही. म्हणून आधी काही न जोडता १५ सेट करा, करंट सेट करा, आउटपुट बंद करा, मग क्लिप लावा, प्लस मायनस एकदा बोट ठेवून तपासा, मग आउटपुट चालू. आउटपुटचं बटणच नसेल तर व्होल्टेज नॉब शून्यावर आणून जोडा आणि मग चढवा.

प्रश्न: बेंच सप्लाय नाही. दोन ट्रिमपॉटवालं (स्क्रूने फिरवायचे छोटे नॉब) बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा छोटा बोर्ड आहे, त्यात सीसी सीव्ही दोन्ही आहे असं लिहिलंय. चालेल का?

चालतं, मी स्वतः बरेच दिवस त्यावरच काम भागवलंय. पण ५ अँपिअर लिहिलंय म्हणून ५ काढू नका, ३ च्या आत ठेवा आणि हीटसिंक लावा. आणि यात एक छुपी गोम आहे. या स्वस्त मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा शंट रेझिस्टर बऱ्याचदा मायनसच्या लाइनमध्ये असतो, म्हणजे इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस एक नसतात. तुम्ही नकळत दोन्ही जोडलेत, समजा बँकेवरचा व्होल्टमीटर इनपुटच्या मायनसवरून घेतला किंवा सगळं एकाच मेटल बॉक्सवर टेकवलं, की करंट शंटला वळसा घालून जातो आणि लिमिट गायब. मॉड्यूल जळतं आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन मायनसमध्ये मोजा, काही मिलिव्होल्ट दिसले तर मध्ये शंट आहे (कंटिन्युइटीवर कळणार नाही, शंट इतका छोटा असतो की बीप तरीही वाजते), दहा सेकंदांचं काम आहे.

प्रश्न: सिरीजमध्ये रेझिस्टर टाकला तर कुठलाही सप्लाय चालेल ना?

चालेल, आणि शाळेत शिकवतात ते हेच. पण १५ व्होल्टला १० ओहम लावला तर सुरुवातीला १.५ अँपिअर, रेझिस्टरवर २२.५ वॅट, आणि ९९ टक्के चार्ज व्हायला एक तास उलटून जातो. शिवाय रेझिस्टर कितीही छोटा मोठा घ्या, बँकेत जेवढी ऊर्जा साठते तेवढीच त्याच्यात उष्णता होऊन जाते, यातून सुटका नाही. रेझिस्टरपेक्षा मला बल्ब आवडतो, गाडीचे १२ व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये, सुरुवातीला चांगले पेटतात, मग पिवळे, मग नुसती लालसर तार, मग विझतात. मीटरची गरजच नाही. फक्त हे विसरू नका की रेझिस्टर किंवा बल्ब करंट अडवतो, व्होल्टेज नाही. मागे १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर असेल तर बँक निवांतपणे १९ ला जाऊन पोचेल आणि बल्ब विझलेला बघून तुम्हाला वाटेल सगळं व्यवस्थित झालं.

प्रश्न: सप्लायवर बरोबर १५ व्होल्ट होते, मी स्वतः मोजले, तरी सहापैकी एक सेल वरून फुगला आणि विचित्र वास येतोय. सप्लायने जास्त व्होल्टेज दिलं असेल का?

सर्वात आधी, तो सेल काढा, खोलीच्या खिडक्या उघडा आणि वास घेऊन बघू नका. बऱ्याच सेलमध्ये अॅसिटोनायट्राइल असतं, ते पेट घेतं आणि त्याची वाफ विषारी आहे. फुगलेला सेल परत वापरायचा नाही, "अजून चालतोय" असं दिसलं तरी.

सप्लायची चूक नाहीये. सप्लायला फक्त दोन टोकं दिसतात, मधले सहा सेल आपसात १५ व्होल्ट कसे वाटून घेतात ते त्याला कधीच कळत नाही. सिरीजमध्ये सगळ्यांत चार्ज सारखा जातो, म्हणून ज्याची कपॅसिटन्स कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त. समजा पाच सेल ५५० फॅरडचे निघाले आणि एक ४५० चा, हे टॉलरन्समध्ये अगदी होण्यासारखं आहे, तर एकूण १५ असताना त्या पाचांवर २.४१ आणि त्या एकट्यावर २.९५. म्हणजे १५ लावूनही तो मर्यादेच्या वर गेला. १६.२ लावले असते तर ३.१८.

याला उपाय बॅलन्सिंग बोर्ड, प्रत्येक सेलवर एक. सेल २.७ च्या आसपास आला की बोर्ड त्याच्या डोक्यावरून करंट बाजूला वळवतो आणि छोटा एलईडी पेटतो. पण बोर्डवरचा रेझिस्टर बघा. १० ओहम असेल तर २.७ व्होल्टला तो ०.२७ अँपिअर वळवणार, आणि तुम्ही वरून ५ अँपिअर ओतताय. बादली भरून वाहतेय आणि तुम्ही चमच्याने उपसताय. म्हणून मी असं करतो, ५ अँपिअरने १३ व्होल्टपर्यंत न्यायचं, मग करंट नॉब ०.२ वर आणायचा आणि उरलेलं हळू. एखाद्या बोर्डचा एलईडी बाकीच्यांच्या कितीतरी आधी पेटत असेल तर तोच तुमचा अशक्त सेल.

त्याहून बरं म्हणजे जोडण्याआधीच सेल मोजून घेणं. एकेक सेल २ अँपिअर कॉन्स्टंट करंटने चार्ज करा, सेलवर मल्टिमीटर, सप्लायचं व्होल्टेज २.५ वर, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने १ व्होल्टपासून २ व्होल्टपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. सेकंद गुणिले दोन म्हणजे फॅरड. ५०० च्या सेलला २५० सेकंद लागायला हवेत. एकदा माझ्याकडच्या एका पाकिटातले दोन सेल सव्वा मिनिटात २ व्होल्टला पोचले, म्हणजे १५० फॅरड, वरचं लेबल मात्र सुंदर छापलेलं. सहाही सेलचे सेकंद जवळपास असतील तरच ते एका बँकेत घ्या.

प्रश्न: चार्ज झाल्यावर मी सप्लायचा मेन स्विच बंद करतो तर डिस्प्ले विझतच नाही. भूत आहे का? 😄

भूत म्हणजे तुमची बँकच. सप्लाय बंद झाला, पण त्याच्या आउटपुटवर आता १५ व्होल्ट बाहेरून येतायत आणि ते उलट्या दिशेने आत शिरून डिस्प्ले चालवतायत. डिस्प्लेपुरतं असेल तर ठीक, पण काही डिझाइनमध्ये रेग्युलेटर उलटा चालून जातो. काही सप्लायमध्ये ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन म्हणून आउटपुटवर एससीआर (एकदा चालू झाला की चालूच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, तो ट्रिगर झाला की आउटपुट शॉर्ट करतो, सप्लायच्या स्वतःच्या करंटपुरतं ते ठीकच आहे, पण इथे बँक त्या एससीआरमधून रिकामी होते. माझा एक सप्लाय असाच गेला. फट् असा एकच आवाज आला, उघडून बघितलं तर पीसीबीवरचा जाड ट्रॅक बोटभर लांबीत नाहीसा झालेला, त्याच्या जागी नुसता काळा पट्टा.

तेव्हापासून सप्लाय आणि बँकेच्या मध्ये शॉटकी डायोड, करंट फक्त बँकेकडे जाऊ देणारा, उलटा येऊ न देणारा. ५ अँपिअरला त्यावर साधारण अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे दोन-अडीच वॅट, छोटा हीटसिंक लागतो. इथे एक हमखास होणारी चूक सांगतो: अर्धा व्होल्ट डायोड खातो म्हणून लोक सप्लाय १५.५ वर ठेवतात. पण शेवटी करंट काही मिलिअँपिअरवर आला की डायोडवरचा ड्रॉप ०.२ वर येतो आणि बँक चोरपावलांनी वर सरकत राहते, रात्रभर ठेवली तर सकाळी १५.३. म्हणून डायोड धरायचाच नाही, सप्लाय १५ वर आणि बँक जिथे थांबेल तिथे थांबू दे. आणि चार्जिंग झालं की क्लिप काढून घ्या, नुसता स्विच बंद करून जेवायला जाऊ नका.

डायोडशिवाय एक फ्यूजही लागतो, बँकेच्या अगदी टर्मिनलजवळ. तो सप्लायसाठी नाही, सप्लाय ५ अँपिअरवर अडतोच, तो बँकेसाठी आहे. १५ व्होल्ट आणि सगळं मिळून १० मिलिओहम धरले तरी शॉर्टला १५०० अँपिअर येतात. १५ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण बोटातली अंगठी दोन टर्मिनलमध्ये टेकली तर ती लालबुंद व्हायला वेळ लागत नाही. अंगठी, कडं, मेटलच्या पट्ट्याचं घड्याळ, सगळं काढून बसा.

प्रश्न: गाडीच्या बॅटरीचा चार्जर किंवा लिथियमचा चार्जर चालेल?

नाही. गाडीचा स्मार्ट चार्जर आधी बॅटरीचं व्होल्टेज शोधतो, शून्य दिसलं की बॅटरी नाही किंवा खराब आहे म्हणतो आणि सुरूच होत नाही. जुना, ट्रान्सफॉर्मरवाला बिनडोक चार्जर सुरू होतो, पण त्याला थांबायचं कुठे ते माहीत नसतं. लिथियमचा चार्जर शून्यावरच्या सेलला बारीक करंट देऊन बघतो आणि वेळ संपली की फॉल्ट दाखवतो.

प्रश्न: माझ्या सेलवर ३.८ व्होल्ट लिहिलंय. मग चारच सेल पुरतील का?

थांबा, तो बहुतेक लिथियम-आयन कपॅसिटर आहे, दिसायला सारखाच असतो. त्याला वर ३.८ ची मर्यादा आहे तशी खालीही आहे, साधारण २.२, त्याच्या खाली उतरवला की खराब होतो. या लेखातलं शून्यापासून चार्ज करणं, शॉर्ट करून ठेवणं, यातलं काहीच त्याला लागू नाही. बँकेत मिसळू तर अजिबात नका.

प्रश्न: बँक पूर्ण रिकामी करून ठेवली होती, मीटरवर शून्य बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी १ व्होल्टच्या वर दाखवतेय. हे कसं?

कार्बनच्या खोल छिद्रांत अडकलेला चार्ज सावकाश बाहेर येतो, त्यामुळे रिकामी केलेली बँक थोडी परत वर येते. पटकन रिकामी केली असेल तर जास्तच येते. म्हणून बल्बवर रिकामी करायची, विझल्यावरही तासभर बल्ब तसाच राहू द्यायचा, आणि मग प्रत्येक सेलवर एकेक वायर लावून शॉर्ट करून कपाटात ठेवायची. नुसत्या दोन टोकांना वायर लावू नका, मध्ये एखाद्या सेलवर उलटं व्होल्टेज राहू शकतं. आणि परत चार्जिंगला लावताना त्या वायरी आठवणीने काढा. नाहीतर माझ्यासारखं होईल, सीसीचा दिवा छान लागलेला, करंट बरोबर ५ अँपिअर, आणि अर्धा तास झाला तरी व्होल्टेज शून्याच्या वर का जात नाही म्हणून मी सप्लायलाच दोष देत बसलो होतो.